टेकडीवर नेलेल्या अकरा डब्या

निम्मी टेकडी चढून झाली होती आणि वन्सं अजून एकदाही थांबल्या नव्हत्या. त्यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत अकरा डब्या, प्रत्येक डबी जुन्या पायमोज्यात घातलेली. मागून मी, पाण्याची बाटली आणि शाल घेऊन. वसाहतीच्या मागच्या फाटकातून निघायचं, लाकडाच्या वखारीला वळसा घालायचा आणि मग दगडी पायवाटेनं वर पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, असा तो रस्ता. रोज फिरायला येणारी माणसंसुद्धा पहिल्या वळणावरच्या बाकाला हात लावून परततात आणि घरी जाऊन टेकडी चढलो म्हणून सांगतात. आम्ही तर भर दुपारी एक वाजता निघालो होतो.

जरा दम खाऊ या, असं मी दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी त्या मागे न बघता म्हणाल्या, "पाच वाजता पालक येणार आहेत, वहिनी. दम उद्यासुद्धा खाता येईल."

पाच वाजता त्यांच्या घरी सभा होती. त्यांच्या सुनेचा शिकवणीचा वर्ग टिकणार की मोडणार, हे त्या सभेत ठरायचं होतं. आणि तो मोडायची वेळ आपल्याच हातून आली की काय, या संशयानं वन्संना दोन दिवस झोप नव्हती. संशय खरा की खोटा, ते या पिशवीतल्या डब्या सांगणार होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद. यजमानांच्या पाठची बहीण, पण माझ्याहून वर्षानं मोठी. वसाहतीत त्यांना सगळे काटेवाल्या बाई म्हणतात, कारण एकतीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त करायच्या कारखान्यात काम केलं. वाण्याच्या दुकानातले काटे, दवाखान्यातले बाळं तोलायचे काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले काटे. चाळीस पुरुषांत या एकट्या. पहिल्या दिवशी मुकादमानं त्यांच्या हातात झाडू दिला. यांनी तो घेतला, सगळी खोली झाडली, कचरा टाकायच्या आधी चाळला आणि त्यातून नखाएवढा पत्र्याचा तुकडा काढून मुकादमाच्या पुढ्यात ठेवला. ते होतं काही मिलिग्रॅमचं वजन. तीन दिवस सगळा कारखाना ते शोधत होता. त्यानंतर त्यांच्या हातात कोणी झाडू दिला नाही.

माझ्या लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. मी पहिल्यांदाच केक करायला घेतला आणि तो असा काही बसला की सासूबाईंनी तो उलटा करून दारापाशी ठेवला, दाराला अटकाव म्हणून चालेल म्हणाल्या. मी डोळे पुसत होते. वन्संनी स्वयंपाकघरातला काटा टेबलावर घेतला, पिशवीतून आपली वजनं काढली, एक एक ठेवून पाहिलं आणि आईला सांगितलं, काटा शंभराला सतरा ग्रॅम जास्त दाखवतो, वहिनीचा काय दोष. आपली बाजू कोणी तरी काट्यावर ठेवून घेतली याचं मला तेव्हा किती बरं वाटलं होतं, ते आजही आठवतं.

तर अशी बाई निवृत्त झाली आणि घरी बसली. बसली म्हणजे काय, बसवत नव्हतं. हात शिवशिवत होते. त्याच सुमाराला वसाहतीच्या कमिटीनं घरोघर हवा मोजायच्या डब्या दिल्या. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी, तिच्यावर एक आकडा आणि एक दिवा. बंद खोलीत माणसं श्वास सोडत राहिली की हवेत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो ही डबी मोजते. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या थोडा वर असतो. हजारापर्यंत दिवा हिरवा, त्यापुढे पिवळा आणि पंधराशे ओलांडले की लाल. लाल झाला की खिडकी उघडायची, एवढंच शहाणपण. पण वर्षभरात निम्म्या डब्या वेड्यासारख्या वागायला लागल्या आणि उरलेल्यांवर कोणाचा विश्वास राहिला नाही. लोकांनी त्या खणात टाकून दिल्या.

पहिली डबी वन्संनी चष्म्याच्या पेचकसानं उघडली. आत एक कोळी संसार थाटून बसला होता. दुसऱ्या एका घरी रोज संध्याकाळी सातला आकडे उसळायचे, म्हणून घरच्यांनी डबी भुताळी ठरवली होती. वन्सं सातला जाऊन बसल्या. सात वाजता घरातले सगळे जण त्या एका कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर येऊन बसले आणि डबी होती बरोब्बर आजोबांच्या नाकाखाली. तिसऱ्या घरी तर ती महागाची वस्तू म्हणून काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली. आतली हवा वर्षभर तीच. वन्संनी तिला बाहेर काढलं, झाकणाला बारीक भोकं वाढवली, आतून जुन्या पायमोज्याची जाळी लावली म्हणजे किडामुंगी शिरणार नाही, आणि जागा बदलून दिली. बोलता बोलता पाडस फिरावं तशा त्या घरोघर फिरायला लागल्या. साठीची बाई, पण अंगात वारं शिरल्यासारखी.

मग त्यांना त्या डब्यांची मोठी खोड सापडली. आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच मोकळी हवा, असं डबी आपलं आपणच धरून चालते आणि तिथे आपला काटा लावून घेते. रोज दारं-खिडक्या उघडणाऱ्या घरात हे चालून जातं. पण ज्या घरात खिडकी उघडतच नाही, तिथली डबी हळूहळू कोंदट हवेलाच ताजी समजायला लागते. हे कळलं तेव्हा वन्सं माझ्याकडे तरातरा आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, हा तर पारड्यात पिशवी असतानाच शून्य धरणारा काटा झाला. असा काटा आमच्याकडे आला असता तर मुकादमानं तो फेकून मारला असता."

ही खोड काढायची तर डबी संगणकाला जोडून तिला इंग्रजीत हुकूम द्यावे लागतात. वन्सं आणि मी दोघी मराठी शाळेतल्या. इथे त्यांची सून कामाला आली. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे घरात या दोघीच. सून दहावीच्या चौदा मुलांना गणित शिकवते. तिनं आपल्या सासूला शेजारी बसवून एकेक हुकूम शिकवला, आणि सासूनं ते सगळे वहीत देवनागरीत उतरवून घेतले. ती वही मी पाहिली आहे. 'ऑटो कॅल ऑफ' असं वळणदार अक्षरात लिहून पुढे कंसात 'आता हट्ट सोडेल' असं लिहिलंय. सून हसत हसत सगळ्यांना सांगायची की माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी परीक्षेलाच बसत नाही.

खोड काढली की मग डबीला ताजी हवा म्हणजे काय ते आपणच दाखवावं लागतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी वन्सं अकरा घरांच्या डब्या गोळा करून टेकडीवर नेतात. वर नेऊन वीस मिनिटं ठेवायच्या आणि मग वहीतला हुकूम देऊन सांगायचं, बाई गं, ही मोकळी हवा, हिला चारशेवीस म्हण. हवा दाखवायला नेते, असं त्या म्हणतात. सोबतीला मी.

गेल्या खेपेला, म्हणजे या चढणीच्या आधी तीन आठवडे, आम्ही असंच जाऊन आलो होतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात वन्संच्या घरासमोरची जुनी इमारत पाडून नव्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली. यंत्राचा आवाज असा की घरातल्या भांड्यांनी बोलावं. सुनेनं वर्गाच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. आणि मुलं झोपायला लागली. एकदोन नाही, ओळीनं. मधल्या बाकावरचा औषधवाल्यांचा मुलगा तर कंपास हातात धरून झोपला आणि कंपाससकट खाली आला.

सून म्हणाली, खोलीत कोंदट वाटतंय. वन्संनी भिंतीवरच्या डबीकडे बोट दाखवलं. आकडा नऊशे, दिवा हिरवा. सून म्हणाली, आई, माझं डोकं जड होतं. वन्सं म्हणाल्या, डबी बघ. मग एके दिवशी औषधवाले काका तक्रार घेऊन आले. मुलाला आम्ही झोपायला पाठवत नाही, म्हणाले. वन्संनी त्यांनाही डबी दाखवली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की हवेत काही दोष नाही, ही मी स्वतः लावलेली डबी आहे.

काका काय समजायचं ते समजले. हवेत दोष नाही, मुलांच्यात दोष नाही, मग उरलं कोण? दोन दिवसांत सगळ्या पालकांत बोलणं झालं, की बाईंचं शिकवणंच रटाळ झालंय, चौकातल्या मोठ्या क्लासला मुलं हलवू या. शनिवारी पाचला येऊन सांगतो, असा निरोप आला.

त्या संध्याकाळी सुनेनं भिंतीवरची डबी काढून सासूच्या हातात दिली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "आई, तुमच्या काट्यावर मी हलकी भरले."

वन्संनी ते मला सांगितलं. एकतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याचं माप खरं करून दिलं, त्यांच्या मापानं घरच्याच माणसाला खोटं पाडलं होतं. पण रडत बसणं त्यांच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्या बघत घरोघर फिरल्या. दहापैकी आठ घरांत आकडा चारशे. चारशेदोन नाही, तीनशेनव्व्याण्णव नाही, चारशे. घरमालक खूश. एकानं तर आकड्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता, आमच्याकडे थंड हवेच्या ठिकाणासारखी हवा आहे म्हणून. शेवटी त्या शिंपीणकाकूंकडे गेल्या. तिथे एका खोलीत चार बायका, दोन इस्त्र्या, दार लावलेलं, आणि डबीवर चारशे.

तिथून त्या थेट माझ्या घरी आल्या. मी देवापुढे बसले होते, तर वाटसुद्धा पाहिली नाही. "वहिनी, जो काटा हलतच नाही तो खरा नसतो, अडकलेला असतो," म्हणाल्या. "टेकडीवर काही तरी झालं. काय झालं ते मला कळलं पाहिजे, आणि शनिवारी पाचच्या आत कळलं पाहिजे."

म्हणून ही चढण.

टाकीपाशी पोहोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते. वर चिटपाखरू नव्हतं. वारा भरपूर. वन्संनी मोठी बॅटरी काढली, तिला तारांचं जाळं जोडलं आणि अकरा डब्या टाकीच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. नाकावर चष्मा चढवला. डब्या जाग्या झाल्या. सगळ्यांवर चारशे, चारशे, चारशे. वन्संनी वही उघडली, बरोबर आणलेली सुनेची जुनी कॉम्प्युटर-पाटी पिशवीतून काढून जोडली आणि आतला खरा, न छाटलेला आकडा काढला. तो उणे निघाला. म्हणजे या मोकळ्या हवेपेक्षा हजारभर आकड्यांनी वाईट हवेला डब्या ताजी समजत होत्या. डब्या खाली आणखी उतरू शकत नव्हत्या म्हणून बिचाऱ्या चारशेवर तटून बसल्या होत्या.

"अशी वाईट हवा टेकडीवर आली कुठून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. वखारीचा धूर आला असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. वारा तर इकडून तिकडे जातोय. मग त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, मागल्या वेळी तू कशी बसली होतीस? तशीच बस बघू. अगदी तशी."

मागल्या वेळी वारा याहून जोराचा होता. डब्यांना झोत लागायला नको असं वहीत लिहिलेलं, म्हणून वन्संनी मला राखणीला बसवलं होतं आणि आपण पलीकडे गुडघा चोळत बसल्या होत्या. मी आठवून आठवून बसले. ओट्याला टेकून खाली, डब्या मांडीपाशी गोळा करून. वरून डोक्यापासून शाल घेतली, डब्यांवरून ओढून खाली खोचली, म्हणजे छोटा तंबूच झाला. वन्सं म्हणाल्या, मग काय केलंस? मी म्हटलं, काही नाही, वीस मिनिटं होती, मी नाम घेत बसले. म्हणाल्या, घे.

त्यांच्यासमोर नाम घ्यायला मला अवघडल्यासारखं झालं. पण घेतलं. मोठ्यानं नाही, नेहमीसारखं ओठातल्या ओठात. वन्सं पाटीवर वाकून एका डबीचा आकडा बघत होत्या आणि त्यात तिची हजारभराची चूक मिळवून घेत होत्या. थोड्या वेळानं त्यांच्या गळ्यातून आवाज आला, चहाचं आधण चढावं तसा. मग त्या आकडे म्हणू लागल्या. साडेपाचशे. सातशे. नऊशे. बाराशे. मी डोळे उघडले तर त्या उभ्या राहून टाळी वाजवत होत्या, एकट्याच, त्या उजाड टेकडीवर.

"पंधराशे झाले," त्या म्हणाल्या. "वहिनी, अकरा डब्यांनी देवाचं नाव पोटभर ऐकलं, आणि तुझा श्वास ताजी हवा म्हणून पदरात बांधून घेतला."

मी शाल काढली आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना. जे म्हणून चांगलं म्हणून केलं, त्यातून एका मुलीचा वर्ग मोडायची पाळी आली. डोळ्यांत पाणी आलं. वन्संनी माझ्या हातातली शाल घेतली, झटकली, घडी घातली. म्हणाल्या, तुझा काही दोष नाही आणि देवाचा तर नाहीच नाही. मग सांगितलं ते असं. मागल्या वेळी वीस मिनिटं झाल्यावर चष्मा पिशवीच्या तळाशी राहिला होता. काढायचा कंटाळा केला. टेकडीवरची हवा ती, तिचा आकडा काय बघायचा, असं म्हणून शाल काढायच्या आधीच, आकडे न बघता त्यांनी हुकूम दिले. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला जेवू दिलं नसतं, म्हणाल्या. पण हे सांगतानासुद्धा त्यांचे डोळे चमकत होते. कोडं सुटलेल्या माणसाला स्वतःच्या चुकीचंही वाईट वाटायला वेळ लागतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मग आम्ही डब्या मोकळ्या ओट्यावर मांडल्या, वाऱ्याच्या बाजूला फक्त एक विटेचा आडोसा केला आणि दोघी तीस पावलं लांब, वारा ज्या दिशेला जात होता त्या दिशेला जाऊन उभ्या राहिलो. वीस मिनिटं. बोलायचंही नाही असं त्यांनी उगाच ठरवलं. खाली आमची वसाहत, तिची गच्च्यांवरची वाळत घातलेली कापडं, समोरच्या खड्ड्यातलं ते खणायचं यंत्र, सगळं दिसत होतं. यंत्राचा आवाज एवढ्या लांबूनही येत होता. वीस मिनिटं झाली तशा वन्सं श्वास रोखून ओट्यापाशी गेल्या, चष्मा लावून एकेक आकडा वाचला, मग हुकूम दिला, आणि श्वास घ्यायला पुन्हा माझ्यापर्यंत पळत आल्या. असं अकरा वेळा. साठीची बाई, गुडघा दुखरा. अकराव्या वेळी मला हसू आवरेना आणि त्यांनाही.

उतरताना त्या माझ्या पुढे नव्हत्या, जवळजवळ टेकडीच्या पुढे होत्या.

घरी पावणेपाचला पोहोचलो. सून खुर्च्या मांडत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, धुळीनं भरलेले पाय पाहिले आणि पाणी आणून दिलं. वन्संनी ते एका दमात संपवलं. डबी भिंतीवर जागेवर लावली. खिडक्या बंदच होत्या, यंत्र चालू होतं. मी खिडकी उघडायला उठले तर त्यांनी मला हातानं बसवलं.

सतरा पालक आले. औषधवाले काका मध्ये बसले. वन्सं उभ्या राहिल्या आणि सभा सुरू व्हायच्या आधीच म्हणाल्या, मला आधी बोलायचंय. आकडा खोटा होता. मी लावला होता आणि मीच न बघता लावला होता. हवेत दोष नाही असं मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगितलं, ते चुकीचं सांगितलं. माझ्या सुनेला कोंदट वाटत होतं, ते खरं होतं. हे त्या एका दमात बोलल्या. नाम घेणाऱ्या भावजयीचं नाव मात्र त्यांनी कुठेच घेतलं नाही.

काका काही वाईट माणूस नाहीत, पण त्यांना पटकन पटत नाही. म्हणाले, बाई, परवा डबी हिरवी होती म्हणून हवा चांगली, आज तुम्ही म्हणता डबी खोटी होती. उद्या लाल झाली तर ती खरी कशावरून? प्रश्न रास्त होता. वन्संनी तो मान्य केला. म्हणाल्या, डबीवर ठेवू नका विश्वास, थोडं बसा. तुम्ही सतरा आणि आम्ही तिघी. आपण फक्त बोलू या.

मग बोलणं सुरू झालं. चौकातला क्लास कसा, तिथे किती मुलं, परीक्षा किती जवळ आली. एक आई म्हणाली, आमच्या मुलीला या बाईंकडेच पहिल्यांदा भागाकार कळला. दुसरे म्हणाले, कळला होता, आता विसरली. पंधरा मिनिटांनी डबी पिवळी झाली. कोणाचं लक्ष नव्हतं. आणखी सात-आठ मिनिटांनी कोपऱ्यातल्या बाईंनी जांभई दिली, ती दाबायला तोंडावर हात नेला, आणि जांभईची लागण झाली. ओळीनं. काका बोलत होते, मुलांना शिस्त राहिली नाही असं काही तरी, आणि बोलता बोलता वाक्य कुठे चाललं होतं ते विसरले. थांबले. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, मी काय म्हणत होतो?

कोणी तरी हसलं. मग सगळ्यांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. दिवा लाल होता, आकडा एकोणीसशेच्या पुढे.

वन्संनी तेव्हा मागच्या बाजूची स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तिच्यात टेबलपंखा बाहेरच्या दिशेनं तोंड करून ठेवला आणि अंगणाकडचं दार उघडलं. त्या बाजूला यंत्राचा आवाज कमी येतो. आकडा उतरायला लागला. काका आपल्या खुर्चीवरून उठून डबीपाशी जाऊन उभे राहिले आणि उतरता आकडा मोठ्यानं वाचायला लागले, क्रिकेटचा धावफलक वाचतात तसा. हजाराच्या खाली आला तेव्हा वळून सुनेला म्हणाले, बाई, आमच्या चिरंजीवांनी कंपास घेऊन लोटांगण घातलं त्याबद्दल मी उगाच तुम्हाला बोललो.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. दोन मुलं गेलीच, त्यांच्या आईवडिलांनी चौकातल्या क्लासात आधीच नाव घातलं होतं. बारा राहिली. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं अंगणात, आणि पंखा मागच्या खिडकीत, असं ठरलं. उरलेल्या दहा घरांत वन्सं दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आल्या की तुमची थंड हवेच्या ठिकाणची हवा माझ्यामुळे होती, आता खरी बघा. फोटो पाठवणाऱ्या गृहस्थांना फार वाईट वाटलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी पालक गेल्यावर सून खुर्च्या उचलत होती. वन्सं तिच्याजवळ गेल्या आणि मला वाटलं आता माफी मागतील. त्यांनी फक्त तिच्या हातातली खुर्ची घेतली. सून म्हणाली, आई, ती डबी आता परत माझ्या भिंतीवरच ठेवा. आणि दोघींनी मिळून खुर्च्या लावल्या. मी मनातल्या मनात हात जोडले.

निघायला उठले तर वन्सं मला फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या. दिवसभराचं पळणं आता त्यांच्या गुडघ्यात उतरलं होतं, लंगडत होत्या. फाटकाला हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या कारखान्यात एक नियम होता. ज्यानं काटा दुरुस्त केला, त्यानं त्याच्यावर शिक्का मारायचा नाही. शिक्का समोरच्या टेबलावरचा माणूस मारायचा. तो आपली वजनं घ्यायचा, दुरुस्त करणाऱ्याची वही न बघता पहिल्यापासून तोलायचा. मुकादमाचा स्वतःचा काटा असला तरी हेच. एकतीस वर्षं मला तो नियम जाचक वाटला, म्हणाल्या. घरी आल्यावर मी एकटीच, समोर टेबलच नाही, म्हणून दोन्ही कामं मीच करत गेले.

मग त्यांनी माझा हात धरला.

"वहिनी, यापुढे डबी मी उघडेन, मी दुरुस्त करेन. पण ती खरी लागली की नाही हे तू बघायचं. माझी वही न बघता. आणि माझं चुकलेलं दिसलं तर नणंद म्हणून सोडायचं नाही, तोंडावर सांगायचं. एवढं करशील माझ्यासाठी?"